साध्या वेषातील नट : प्रस्तावना

मराठी वाचकाला नटांच्या चरित्रांची सवय जुनी आहे. गणपतराव जोशांच्या हॅम्लेटपासून डॉ. काशीनाथ घाणेकरांच्या प्रवेशाला पडणाऱ्या टाळ्यांपर्यंत जे जे रंगभूमीच्या उजेडात घडले, त्याची हकिकत लिहिताना चरित्रकाराच्या हाताशी एक बांधीव चौकट तयार असते : आरंभी घरच्यांचा विरोध, मग कंपनीतील उमेदवारी, मग ऐश्वर्य, मग कर्ज, आणि शेवटी लोकांना आलेली हळहळ. बालगंधर्वांचे आयुष्य या चौकटीत इतके नेमके बसते, की चौकटच त्यांच्या आयुष्यावरून बेतली असावी असे वाटावे. परंतु ज्या नटाने आपल्या कारकिर्दीची वीस वर्षे एकाच नावाने, एकाच हुद्द्यावर, आठवड्यातून दोन-तीन रात्री परक्यांच्या दिवाणखान्यात काढली, ज्याला ना मखमली पडदा लाभला ना ‘वन्समोअर’, आणि ज्याचे प्रेक्षक जेवता जेवता, इस्त्री करता करता, मुलांच्या वह्या तपासता तपासता त्याच्याकडे पाहत राहिले, अशा दूरचित्रवाणीवरील नटाचे चरित्र कोणत्या चौकटीत बसवावे, याचा निर्णय आपल्याकडे अद्याप लागलेला नाही. पुढील पाने हा त्या दिशेने केलेला एक प्रयत्न आहे.

त्यांचा विषय आहेत श्री. शिवाजी साटम. २१ एप्रिल १९५० हा त्यांचा जन्मदिवस. रसायनशास्त्राची पदवी, व्यवसाय-प्रशासनाची पदविका आणि सेंट्रल बँक ऑफ इंडियामधील रोखपालाची नोकरी ही त्यांची लौकिक शिदोरी. २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर ‘सी.आय.डी.’ ही मालिका सुरू झाली आणि तीत ते ए.सी.पी. प्रद्युम्न म्हणून रुजू झाले. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी ती थांबली तेव्हा तिचे १,५४७ भाग झाले होते, आणि प्रद्युम्नसाहेब ज्या हुद्द्यावर आले त्याच हुद्द्यावर होते. खऱ्या खात्यात वीस वर्षे इमानेइतबारे नोकरी केलेल्या सहायक पोलीस आयुक्तास निदान एक बढती तरी मिळाली असती, आणि बढती न मिळाली तर गेला बाजार गडचिरोलीला बदली तरी खचित झाली असती. येथे दोन्हींपैकी काही घडले नाही. लोकांनी घडू दिले नाही, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

ही प्रस्तावना छत्रपती संभाजीनगरात बसून लिहिली जावी याला काही कारण आहे. या शहराचा पोलिसांशी आलेला संबंध मुंबईकराच्या संबंधाहून भिन्न आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाची रयत होतो. ठाण्यावरील अंमलदाराला वडीलधारी मंडळी ‘अमीनसाहेब’ म्हणत आणि त्या साहेबाच्या दारावरून जाताना पागोटे सारखे करीत, ते आदराने की भयाने हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि दप्तराची भाषा बदलली. तरी फिर्याद, पंचनामा, मुद्देमाल, मुचलका, जबानी हे शब्द जागचे हलले नाहीत. शहराला पोलीस आयुक्तालय मिळाले १९९१ साली. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाच्या अमलाखाली ए.सी.पी. हे पद नसते. ते आयुक्तालयाबरोबरच येते. म्हणजे सिटी चौक, जिन्सी, बेगमपुरा, छावणी या ठाण्यांच्या हद्दीत राहणाऱ्या माणसाला हा हुद्दा ठाऊक होऊन जेमतेम सहा-सात वर्षे झाली होती, तोच एक ए.सी.पी. केबलच्या तारेवरून त्याच्या घरात येऊन बसला. आणि ठाण्यातल्यापेक्षा घरातलाच त्याच्या अधिक परिचयाचा झाला. आणखी एक गोष्ट अशी, की गुलमंडीवर मराठी बोलून शहागंजात दखनीत भाव करणाऱ्या या गावाला साटमांची हिंदी कधी परकी वाटली नाही. तीत मराठी माणसाचा ठसका आहे. हाताखालच्या अधिकाऱ्याला घातलेल्या ‘दया’ या हाकेतला शेवटचा आकार ते असा काही लांबवतात, की एखाद्या चाळीच्या जिन्यावरून थोरल्याने धाकट्याला बोलावले असावे. उत्तर भारतातील प्रेक्षकाने ती मुंबईची हिंदी म्हणून गोड मानून घेतली. आम्हाला ती आमचीच वाटली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नटाचे पडद्यामागील जीवन म्हणतात ते नेमके कोणते? सामान्य कुतूहलाला त्याचे घर, त्याचे आजार, त्याचे मित्र आणि त्याचे मानधन यांत रस असतो, आणि तो निंद्य आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्या वाटेने गेल्यास हाती लागते ते कोणाही गृहस्थाचे आयुष्य, नटाचे नव्हे. या पुस्तकात ती वाट बुद्ध्याच टाळली आहे. साटमांच्या बाबतीत पडद्यामागे पाहावयाचे ते त्यांच्या हजेरीपटाकडे, असे माझे मत आहे. आणि त्या हजेरीपटाचे पहिले पान बँकेच्या रोख खिडकीपाशी उघडते.

रोखपालाची नोकरी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते सहज उमगेल. सत्तरीच्या दशकातील बँक डोळ्यांपुढे आणावी : जाळीची खिडकी, पितळी टोकन, बाकावर ताटकळणारी माणसे, आणि आत बसलेला एक इसम, ज्याच्या अंगठ्यापाशी ओला स्पंज ठेवलेला आहे. तो नोट उजेडाकडे धरतो, उलटवतो, बाजूला ठेवतो. धनादेशावरील सही पाहतो आणि मग सही करणाराचे तोंड पाहतो. दिवसाकाठी शेकडो चेहरे त्याच्या खिडकीपुढून सरकतात, आणि त्यांतला घाईत असलेला कोणता नि घाबरलेला कोणता, हे त्याला बोलण्यावाचून कळू लागते. संध्याकाळी रोकड जुळली पाहिजे; एक रुपयाचा फरक निघाला तरी घरी जाण्याची सोय नाही, पुन्हा सारी गड्डी मोजावयाची. ए.सी.पी. प्रद्युम्न विचारात पडले म्हणजे त्यांची बोटे हवेत फिरू लागत, हे साऱ्या देशाने पाहिले आणि नकलाकारांनी त्यावर पोट भरले. त्या बोटांकडे पाहताना मला न जुळलेल्या रोकडीची आठवण होते. ही माझी कल्पना आहे, तिला पुरावा नाही. परंतु काहीतरी गडबड आहे असे ज्याला आकड्यावरून कळते आणि गडबड कोठे आहे हे मात्र पुन्हा मोजल्याशिवाय कळत नाही, अशा माणसाचा तो हावभाव आहे, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

नोकरी सांभाळून नाटक करणे ही महाराष्ट्राची एक खास व्यवस्था आहे. आपल्याकडे डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते, अशोक सराफ स्टेट बँकेत होते, निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात बागकाम करीत होते, आणि घाणेकर तर दातांचे डॉक्टर होते. या व्यवस्थेला बँकांनी मोठा हातभार लावला. आंतरबँक नाट्यस्पर्धा ही संस्था आज विस्मृतीत चालली असली, तरी तिच्यापायी कितीएक कारकून संध्याकाळी सहानंतर राजे झाले, खुनी झाले, प्रियकर झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खातेवहीवर बसले. आमच्या मराठवाड्यातही तीच तऱ्हा होती. विद्यापीठ, जिल्हा परिषद, विमा कार्यालय आणि बँक येथील मंडळींनी राज्य नाट्यस्पर्धा जागती ठेवली, आणि त्यांच्याच तालमी पाहत वाढलेली ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेची तरुण मुले, म्हणजे चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी प्रभृती, पुढे मुंबईस गेली. साटमांना अशाच एका आंतरबँक स्पर्धेतून बाळ धुरी यांनी हेरले आणि ‘संगीत वरद’ या नाटकात उभे केले. हे तेच बाळ धुरी, ज्यांना पुढे रामानंद सागरांच्या ‘रामायणा’त दशरथ म्हणून सर्व देशाने पाहिले.

नोकरदार नटाच्या अंगी काही गुण आपोआप येतात आणि काही दोषही. तो वेळेवर येतो; दुसऱ्याचे संवाद पाठ असल्याशिवाय तालमीला उभा राहत नाही; आणि रंगभूमी आपली कायमची मिरास नव्हे याची जाणीव असल्यामुळे तिच्याशी उर्मटपणे वागत नाही. दोष असा, की सारे काही पणाला लावण्याची वेडी ईर्षा त्याच्या ठिकाणी क्वचित दिसते. दूरचित्रवाणीला मात्र हे गुण हवेच होते आणि हा दोष चालण्याजोगा होता. चित्रपटाला तेज लागते, मालिकेला सातत्य लागते. ज्यांनी हजेरीच्या वहीत सही करण्यात तारुण्य घालवले, त्यांच्या हाती वीस वर्षांची मालिका सुरक्षित होती.

या मालिकेची वंशावळ सांगितल्याशिवाय साटमांचे स्थान कळणार नाही. तिचे जनक ब्रिजेंद्र पाल सिंग हे डेहराडूनचे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून छायाचित्रण शिकून ते १९७३ साली मुंबई दूरदर्शनवर वृत्तछायाचित्रकार म्हणून दाखल झाले. मुंबई केंद्र सुरू होऊन तेव्हा पुरते वर्षही लोटले असेल-नसेल. ते २ ऑक्टोबर १९७२ चे. बातमीसाठी कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या माणसाला पोलीस ठाणे, शवागार आणि न्यायालयाचा व्हरांडा यांचा जो परिचय होतो, तो कथालेखकाला पुस्तकांतून होत नाही. पुढे ‘सिर्फ चार दिन’ हा रहस्यमय दूरचित्रपट आणि त्यानंतर दूरदर्शनसाठीच ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका त्यांनी केली. पोलिसांना बोलावण्याच्या दूरध्वनी क्रमांकावरून जिला नाव मिळाले, त्या मालिकेत साटम पोलीस अधिकारी होते. गच्चीवरच्या ॲल्युमिनियमच्या अँटेना म्हैसमाळच्या दिशेने वळवून बसण्याचे जे दिवस आमच्या पिढीने पाहिले, त्या दिवसांतली ती मालिका. ए.सी.पी. प्रद्युम्न यांची तालीम तेथे झाली. म्हणजे अखिल भारताने ज्याला आपला म्हटले, त्या अधिकाऱ्याची पहिली नेमणूक मराठी भाषेत झाली होती.

वंशावळीची दुसरी शाखा याहून थोर आहे. ‘सी.आय.डी.’च्या निर्मितीत सिंग यांचे भागीदार होते प्रदीप उप्पूर. मनमोहन शेट्टी यांच्या जोडीने त्यांनीच १९८३ साली ‘अर्धसत्य’ काढला होता, श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही मराठी कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन, आणि ओम पुरींचा फौजदार अनंत वेलणकर. हिंदी पडद्यावर तोवर पोलीस म्हणजे बहुधा शेवटच्या प्रसंगी शिट्टी वाजवत येणारा इसम होता. त्याला घर, बाप, कामेच्छा, अपमान आणि अपराध दिले ते या चित्रपटाने. वेलणकरच्या हातून कोठडीत एक मृत्यू घडतो. ज्या निर्मात्याने पोलिसाच्या वर्दीखालील ही जखम उघडी करून दाखवली, त्यानेच पंधरा वर्षांनी असा पोलीस दाखवला की ज्याला जखम म्हणून नाहीच. या विपर्यासाचा विचार मी बराच केला आहे. माझा निष्कर्ष असा, की चित्रपटगृहात तिकीट काढून बसलेला माणूस संशयाला तयार असतो, आणि घरात रात्री दहा वाजता दार लावून बसलेल्याला दिलासा हवा असतो. ‘सी.आय.डी.’ने तो दिला. ‘अर्धसत्य’चे दुसरे अर्ध तिने वाटून टाकले.

येथे कै. रमेश भाटकर यांचे स्मरण न करणे अन्याय होईल, कारण मराठी घरांत इन्स्पेक्टर म्हटले की पुष्कळ दिवस त्यांचाच चेहरा डोळ्यांपुढे येई. संगीतकार स्नेहल भाटकरांचे हे चिरंजीव, उत्तम जलतरणपटू, रंगभूमीवर ‘अश्रूंची झाली फुले’मधील लाल्या पुन्हा उभा करण्याचे धाडस केलेले. दूरदर्शनवर ‘हॅलो इन्स्पेक्टर’ आणि नंतर झी वाहिनीवर ‘कमांडर’ यांनी त्यांना वर्दी चढवली, आणि ती त्यांना शोभलीही. पडद्यामागील जीवनाचा विचार करताना त्यांच्या घरातील एक योग विलक्षण वाटतो : त्यांच्या पत्नी मृदुला भाटकर न्यायखात्यात होत्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदापर्यंत पोहोचल्या. नवरा पडद्यावर आरोपीस हजर करतो आहे आणि बायको खरोखरीच्या न्यायासनावर पुरावा तोलते आहे, असा संसार कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्यास कृत्रिम म्हटले असते. ४ फेब्रुवारी २०१९ रोजी भाटकर गेले. साटमांहून ते अवघ्या काही महिन्यांनी मोठे होते. दोघांची तुलना करावयाची तर भाटकर हे गणवेशातील अधिकारी आणि साटम हे साध्या वेषातील. भाटकरांकडे पाहताना धावपळीची अपेक्षा उत्पन्न होई. साटमांनी शर्ट, पॅंट आणि एखादे जाकीट एवढ्यावर अधिकार निर्माण केला. गणवेश नटाचे निम्मे काम करतो. तो नसला म्हणजे सारे काम नजरेला आणि आवाजाला करावे लागते.

मालिकेतील परिवाराबद्दल पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून येथे थोडक्यात उरकतो. थाळीफेकीच्या मैदानावरून आलेले आणि बंद दारे मोडणारा दया झालेले दयानंद शेट्टी, ‘सत्या’तील खांडिलकर इन्स्पेक्टर म्हणून लक्षात राहिलेले आदित्य श्रीवास्तव, डॉ. साळुंखे म्हणून प्रयोगशाळेत साहेबांशी सदैव हुज्जत घालणारे नरेंद्र गुप्ता, आणि हशा पिकवता पिकवता मालिकेचे काही भाग लिहूनही देणारे दिनेश फडणीस, जे ५ डिसेंबर २०२३ रोजी वारले. या सर्वांचा एकमेकांशी असलेला व्यवहार संहितेत लिहिलेला वाटत नाही. एकाच फलाटावरून वर्षानुवर्षे एकच गाडी पकडणाऱ्या माणसांचा जो मुका परिचय असतो, तो त्यात दिसतो.

या परिचयाची कसोटी लागली ती ८ ऑक्टोबर २००४ रोजी, आणि पडद्यामागील जीवनाचे एकच दृश्य दाखवावयाचे झाले तर मी तेच दाखवीन. लोणावळ्याच्या एका बंगल्यात त्या दिवशी १११ मिनिटांचा संपूर्ण भाग कॅमेरा एकदाही न थांबवता चित्रित झाला. ७ नोव्हेंबरला तो प्रक्षेपित झाला आणि गिनीज व लिम्का या दोन्ही विक्रमग्रंथांत त्याची नोंद झाली. विक्रमाची मातब्बरी मला वाटत नाही. त्यामागील श्रमाची वाटते. कॅमेरा थांबत नाही याचा अर्थ असा, की ज्या खोलीत तो फिरून चारही भिंती पाहणार आहे, त्या खोलीत दिवा ठेवण्यास जागा नाही. ध्वनिग्राहकाची काठी धरणारा माणूस कॅमेऱ्याच्या मागे मागे, उलट पावलांनी, उंबरठे ओलांडत चालला पाहिजे. एका दालनात संवाद चालू असता दुसऱ्या दालनात प्रेताची भूमिका करणाऱ्याने श्वास आवरून निजावे आणि तिसऱ्यात साक्षीदाराने दारामागे आपल्या शब्दाची वाट पाहत ताटकळावे. शंभराव्या मिनिटाला एकाची जीभ अडखळली तर शंभर मिनिटांची माती. चित्रपटाच्या नटाला ही भीती अपरिचित असते, कारण त्याचा अभिनय तुकड्यातुकड्यांनी गोळा केलेला असतो. रंगभूमीच्या नटाला मात्र दर प्रयोगाला हेच करावयाचे असते. फरक इतकाच, की तेथे प्रेक्षक जागचा हलत नाही आणि येथे प्रेक्षकाचा डोळाच खांद्यावर घेऊन कोणीतरी नटाच्या पाठीमागे धावत असतो. आंतरबँक स्पर्धेत, उसन्या दाढीमिशा लावून, एका दमात अंक खेळण्याची जी सवय साटमांनी अंगी बाणवली होती, तिचे व्याज त्या दिवशी मिळाले.

गुणवर्णन पुष्कळ झाले; आता एक आक्षेप नोंदवणे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य आहे. ‘सी.आय.डी.’मध्ये गुन्हा उकलतो तो बहुतेक वेळी एका चपराकेने. आरोपीच्या गालावर दयाचा हात बसतो आणि तो भडाभडा बोलू लागतो. मग साहेब फाशीची भाषा करतात आणि भाग संपतो. वस्तुस्थिती काय आहे? १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमान्वये पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या साक्ष्य अधिनियमानेही तो नियम तसाच राखला आहे. इंग्रज सरकारला आपल्या पोलिसांचा भरवसा नव्हता म्हणून हे कलम आले, आणि स्वतंत्र भारतालाही ते काढावेसे वाटले नाही, यातच सारे आले. खऱ्या तपासात दार मोडण्याआधी पंच बोलावावे लागतात. पंचनामा, जप्ती, मुद्देमालावर लाखेची मोहोर, ठाण्याच्या डायरीतील नोंद हे सोपस्कार जो अंमलदार वगळील त्याचा आरोपी सुटतो. डॉ. साळुंखे यांची प्रयोगशाळा तर सूक्ष्मदर्शकात डोळा घालताच खुन्याचा ठावठिकाणा सांगते. आमच्या शहरात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेची प्रादेशिक शाखा आहे. ‘व्हिसेरा राखून ठेवला’ हे वाक्य वर्तमानपत्रात वाचल्यानंतर त्याचा अहवाल येईपर्यंत लोक ती बातमी विसरून गेलेले असतात. मालिकेच्या नावाबद्दलही तेच. महाराष्ट्राच्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्यालय पुण्यास आहे, आणि तेथे दप्तराचे गठ्ठे दारांपेक्षा अधिक वेळा फोडले जातात.

या आक्षेपावर उत्तर असे दिले जाते, की ही करमणूक आहे, तिच्याकडे कायद्याची पोथी घेऊन पाहू नये. ते मला पटत नाही. कोठडीतील मारहाणीला जेथे जनतेची मूक संमती असते, तेथे वीस वर्षे दर आठवड्याला चपराक सत्य बोलते असे दाखवणे निरुपद्रवी नाही. परंतु याचा दोष साटमांच्या पदरी कितपत घालावा? लक्षपूर्वक पाहणाराला एक गोष्ट दिसेल : साहेब क्वचित हात उचलतात. ते उभे राहतात, प्रश्न विचारतात, थांबतात, पुन्हा विचारतात. हुकूम त्यांचा, हात दयाचा, ही विभागणी लेखकाने केली असेल. पण ती खिडकीमागून तोंड पाहण्याची सवय असलेल्या नटाच्या प्रकृतीला मानवली, हे खरे.

याच प्रकृतीचे दुसरे अंग म्हणजे त्यांनी रंगवलेला बाप. १९९९ साली आलेल्या महेश मांजरेकरांच्या ‘वास्तव’मध्ये ते गुंड झालेल्या रघूचे वडील आहेत. त्या चित्रपटात बोलते ती आई, गोळी झाडते तीही आईच. बाप मध्यमवर्गीय सचोटीने घराच्या कोपऱ्यात उभा राहतो आणि मुलाच्या पैशाकडे पाहत नाही. आणि ‘सी.आय.डी.’मध्ये प्रद्युम्न यांचा पुत्र नकुल गुन्हेगार निघतो व बापाच्याच हातून मरतो. एकाच नटाने एकाच सुमाराच्या काळात हे दोन बाप केले : एक, ज्याला काहीच करता येत नाही, दुसरा, ज्याला कर्तव्यापुढे मुलगाही वाचवता येत नाही. माझ्या मते पहिला श्रेष्ठ आहे. दुसऱ्यात पटकथेने नटाला मदत केली आहे. पहिल्यात पटकथेने त्याला कोपऱ्यात ठेवले, आणि तेथून त्याने नुसत्या खांद्याच्या ठेवणीवर त्या घराची लाज सांगितली.

आणि हे म्हटल्यावर त्या गोष्टीकडे यावेच लागते, जिच्यासाठी खरे पाहता ही प्रस्तावना लिहावयास घेतली. ए.सी.पी. प्रद्युम्न यांनी शिवाजी साटम यांना मोठे केले, आणि ए.सी.पी. प्रद्युम्न यांनीच त्यांचा घास घेतला. हुद्दा इतका घट्ट चिकटला, की निर्माते त्यांच्याकडे अधिकारी किंवा बाप याखेरीज दुसरे काही घेऊन जाईनात, आणि प्रेक्षक दुसऱ्या भूमिकेत त्यांना पाहून हसू लागले. कारकुनाला जशी एकाच मेजावर निवृत्ती यावी तशी नटाला येणे हे आपल्या दूरचित्रवाणीचे वैशिष्ट्य आहे. आणि त्यात भर अशी, की निवृत्तीची तारीखही त्याच्या हाती नसते. २१ डिसेंबर २०२४ रोजी मालिका पुन्हा सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये वाहिनीने प्रद्युम्न यांचा मृत्यू जाहीर केला. लोकांनी जो आकांत केला तो पाहता सुतकाची रजा मागण्याचेच काय ते बाकी राहिले होते. आणि काही आठवड्यांनी साहेब पुन्हा कामावर रुजू झाले. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरील नटाला मारण्याचा आणि उठवण्याचा अधिकार कोणाकडे असावा, याचा विचार हसणे थांबल्यावर जरूर करावा. नटाला भूमिका सोडता येत नाही आणि भूमिकेला मरता येत नाही, अशी ही चाकरी आहे.

जे हुकले ते काय होते, याचा पुरावा सुदैवाने उपलब्ध आहे. बिपिन नाडकर्णी यांचा ‘उत्तरायण’ हा मराठी चित्रपट जयवंत दळवींच्या ‘दुर्गी’वरून झाला आणि उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्यातील सेवानिवृत्त, एकाकी रघूला उतारवयात बालपणीची मैत्रीण भेटते. नीना कुळकर्णी यांच्यासमोर साटम आहेत, आणि त्यांच्याजवळ हुद्दा नाही, ओळखपत्र नाही, हाताखाली कोणी माणूस नाही. त्यांची ती प्रसिद्ध बोटे येथे निवांत आहेत. संकोचाने बोलणारा, थोडा लाजणारा, शेजारपाजाऱ्यांच्या नजरेची फिकीर करणारा हा वृद्ध गृहस्थ म्हणजेच बँकेच्या खिडकीमागचा तो इसम, असे मला वाटते. आणि १,५४७ भागांपैकी एकातही या उंचीचा अभिनय नाही, असेही मला वाटते.

वाचकांस एवढीच विनंती, की पुढील प्रकरणांना हात घालण्यापूर्वी त्यांनी ‘उत्तरायण’ एकदा पाहावा, ए.सी.पी. प्रद्युम्न सर्वांच्या ओळखीचे आहेत, त्यांची ओळख करून देण्यासाठी हे पुस्तक नाही.